बिअरच्या केगचा गॅस रेग्युलेटर बिघडला आहे का? दोष कसा शोधावा

केगमधून काल व्यवस्थित येणारी बिअर आज नुसता फेस होऊन येते. किंवा नळ उघडला तरी धार येत नाही. किंवा नवा भरून आणलेला सिलिंडर चार दिवसांत रिकामा होतो. अशा वेळी पहिला संशय रेग्युलेटरवर जातो आणि त्याचा स्क्रू इकडे-तिकडे फिरवून पाहिला जातो. त्याने बहुधा गोंधळ वाढतो, कारण ही तिन्ही लक्षणे सिलिंडर, रेग्युलेटर, नळी किंवा केग यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या दोषाने दिसू शकतात. दोष नक्की कुठे आहे, हे झडपा ठरावीक क्रमाने बंद करून शोधता येते. ती पद्धत या लेखात दिली आहे. सोबतच, कोणता दोष फक्त त्रासदायक आहे आणि कोणता जिवावर बेतू शकतो, हेही पाहू.

पुण्यात हा रेग्युलेटर कोण वापरतो?

आधी कायद्याची बाजू. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्यात बिअरही येते. मद्य पिण्याचा किंवा बाळगण्याचा परवाना हा ते तयार करण्याचा परवाना नव्हे. त्यामुळे पुण्यात घरच्या घरी बिअर बनवणे कायदेशीर नाही, मग ती स्वतःपुरती असली तरी. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर बनवायला मोकळीक मिळाली. तिथे दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरपर्यंत बिअर बनवता येते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हा छंद आहे, त्यांना हा लेख थेट उपयोगी पडेल.

पुण्यात ही यंत्रणा परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये दिसते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क या भागांत आणखी मायक्रोब्रुअरी आल्या. पण बिअरच्याही आधीपासून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पुणेकरांच्या परिचयाचा आहे तो सोड्यामुळे. कॅम्पातील अर्देशीर अँड सन्सचा सोड्याचा व्यवसाय १८८४ पासूनचा. गोटी सोड्याची गाडी असो, घरी केगमध्ये केलेला साधा सोडा असो किंवा मायक्रोब्रुअरीचा नळ असो, सिलिंडरमधला जोरकस वायू आटोक्यात आणणारा रेग्युलेटर एकाच तत्त्वावर चालतो. म्हणून पुढची माहिती सोडावाल्यांनाही तितकीच लागू आहे.

रेग्युलेटर नेमके काय करतो?

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याच्यावरचा वायू साधारण ६० बार दाबाखाली असतो. केगला त्यापैकी १ बारहूनही कमी दाब लागतो. कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बारने, म्हणजे जवळपास १५ पीएसआयने जास्त असतो. थंड बिअरच्या केगमधला दाब याहून थोडा कमीच असतो. ६० बारचा दाब १ बारच्या आत आणायचा आणि तिथे टिकवायचा, एवढेच रेग्युलेटरचे काम.

त्याच्या पोटात तीन मुख्य भाग असतात. पहिला, एक लवचिक पडदा. दुसरा, त्या पडद्यावर एका बाजूने दाबणारी स्प्रिंग. समोरचा स्क्रू आत फिरवला की ही स्प्रिंग आवळली जाते. तिसरा, पडद्याला टेकलेली लहानशी झडप, जी आपल्या बैठकीवर बसली की वायूचा रस्ता बंद होतो. स्प्रिंग झडप उघडू पाहते. केगच्या बाजूला साचलेला वायू पडद्याला उलट ढकलून ती बंद करू पाहतो. दोघांचे बळ सारखे झाले की झडप बंद होते. बिअर ओतली की केगमधला दाब उतरतो, स्प्रिंगचे बळ वरचढ ठरते, झडप किंचित उघडते आणि वायूची तूट भरून निघते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. स्क्रू सैल केला म्हणून केगमधला दाब लगेच कमी होत नाही. झडप बंद होते, पण आत गेलेला वायू आतच राहतो. काही रेग्युलेटर जादा वायू स्वतः बाहेर सोडतात, पण बरेचसे सोडत नाहीत. म्हणून दाब कमी करायचा असेल तर स्क्रू सैल करून, केगच्या झाकणावरची सुरक्षा झडप ओढून वायू सोडायचा आणि मग स्क्रू पुन्हा हव्या त्या दाबावर आणायचा. ‘स्क्रू सोडला तरी काटा उतरत नाही, म्हणजे रेग्युलेटर बिघडला’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

दोन काटे, दोन अर्थ

बिअरच्या रेग्युलेटरवर सहसा दोन गेज असतात. एक सिलिंडरमधला दाब दाखवतो, दुसरा केगकडे जाणारा.

सिलिंडरच्या गेजवरून ‘गॅस किती उरला’ हे कळत नाही. सिलिंडरमध्ये थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार, ३० अंशांना सुमारे ७२ बार आणि फ्रिजमधल्या ४ अंशांना सुमारे ३९ बार असतो. भरलेला सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा झपकन खाली येतो आणि गळती झाल्यासारखे वाटते, पण ती निव्वळ थंडी असते. उलट, द्रव पूर्ण संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि हलायला लागला की थोड्याच वेळात सिलिंडर रिकामा होतो.

उन्हाळ्यात आणखी एक फरक पडतो. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधला दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो. म्हणून सिलिंडर उन्हातल्या गॅलरीत, गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नये.

वायू किती उरला हे वजनकाट्यावर कळते. सिलिंडरच्या मानेवर रिकाम्या सिलिंडरचे वजन कोरलेले असते. रेग्युलेटर काढून सिलिंडरचे वजन करा आणि त्यातून कोरलेले वजन वजा करा. समजा, कोरलेले वजन ८ किलो आहे आणि काट्यावर ९.२ किलो भरले, तर १.२ किलो वायू शिल्लक आहे.

हाच वजनकाटा गळतीही पकडून देतो. १९ लिटरच्या एका केगमध्ये वायू विरघळवून ती बिअर नळापर्यंत ढकलायला हिशेबाने साधारण १६० ग्रॅम वायू लागतो. केग धुताना आणि हवा काढताना जाणारा वायू धरूनही २ किलोच्या सिलिंडरवर आठ-दहा केग निघायला हरकत नाही. एक-दोन केगमध्येच सिलिंडर रिकामा होत असेल, तर वायू कुठून तरी बाहेर जातो आहे.

दाब किती असावा?

चुकीच्या दाबाला बिघाड समजण्याची चूक फार होते. बिअरमध्ये किती वायू विरघळणार हे दाब आणि तापमान या दोन्हींवर अवलंबून असते. बिअरच्या एका लिटरमागे साधारण अडीच लिटर वायू विरघळलेला हवा असेल, तर समुद्रसपाटीच्या गावी ४ अंशांना सुमारे १२ पीएसआय, १० अंशांना सुमारे १७.५ पीएसआय आणि २५ अंशांना तब्बल ३३ पीएसआय दाब लागतो. किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये आखलेल्या गेजवर १२ पीएसआय म्हणजे सुमारे ०.८४.

पुण्यासाठी यात एक छोटी दुरुस्ती करावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास १ पीएसआयने कमी असतो. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. म्हणून तक्त्यात १२ दिले असेल तर मुंबईत १२ ठेवावे आणि पुण्यात १३. बिअर कायम किंचित मवाळ लागते म्हणून रेग्युलेटर बदलण्याआधी हा १ पीएसआय वाढवून पाहा.

तपासणीची तयारी

हाताशी हवे ते असे: साबणाचे दाट पाणी आणि ब्रश, योग्य मापाचा पाना, नवे वॉशर, वजनकाटा आणि घड्याळ. तपासणी खिडक्या उघडलेल्या खोलीत करा. सिलिंडर उभा आणि भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेला असावा. तो आडवा केला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि आतले भाग गोठून खराब होतात.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि उघडताना चेहरा गेजच्या काचेसमोर ठेवू नका. झटक्यात उघडला तर ६० बारचा धक्का पडद्यावर आणि गेजवर एकदम बसतो. नवे रेग्युलेटरही अशाने खराब होतात.

पाच पायऱ्यांची तपासणी

सिलिंडरपासून सुरुवात करून एकेक टप्प्याने केगकडे जायचे, हे या तपासणीचे सूत्र आहे. मधली पायरी गाळू नका.

१. सिलिंडरचे वजन करा. वायूच नसेल तर पुढची तपासणी व्यर्थ. आधी भरून आणा.

२. सांध्यांना साबण लावा. रेग्युलेटर जोडा, त्याच्या बाहेरच्या तोंडावरचा कॉक बंद ठेवा, व्हॉल्व्ह उघडा आणि दाब १५ पीएसआयवर आणा. सिलिंडरचा सांधा, दोन्ही गेजचे सांधे, सुरक्षा झडप आणि स्प्रिंगच्या टोपीवरचे बारीक छिद्र, या सगळ्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे दिसले तर गळती तिथेच आहे. सिलिंडरच्या सांध्याला बहुधा झिजलेले वॉशर कारणीभूत असते, ते बदला. टोपीच्या छिद्रातून बुडबुडे आले तर आतला पडदा फाटला आहे.

३. दोन्ही बाजू वेगळ्या करून पाहा. साबणाला न सापडणारी मंद गळती यात सापडते. दाब १५ पीएसआयवर असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मग रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा. आता झडपेच्या अलीकडे आणि पलीकडे वायू वेगवेगळा अडकलेला आहे. दोन्ही काट्यांचे आकडे लिहून ठेवा आणि किमान एक तास, शक्यतो रात्रभर थांबा. ही तपासणी फ्रिजच्या बाहेर, तापमान फारसे बदलणार नाही अशा जागी करा, नाहीतर थंडीने उतरलेला काटा गळतीसारखा दिसेल.

दोन्ही काटे जागच्या जागी राहिले, तर रेग्युलेटर आणि सिलिंडरचा सांधा निर्दोष आहेत. सिलिंडरच्या बाजूचा काटा उतरला आणि केगच्या बाजूचा स्थिर राहिला, तर गळती वॉशरला किंवा त्या गेजच्या सांध्याला आहे. केगच्या बाजूचा उतरला, तर त्या गेजचा सांधा, सुरक्षा झडप, पडदा किंवा कॉक तपासा. मात्र जादा दाब स्वतः सोडणारा रेग्युलेटर असेल, तर स्क्रू सोडताच हा काटा उतरणारच. सिलिंडरचा काटा उतरून केगचा चढला, तर आतली झडप बैठकीवर नीट बसत नाही.

या पायरीत स्क्रू सैल करायला विसरू नका. तो आवळलेला राहिला तर केगच्या बाजूची गळती सिलिंडरच्या बाजूचा वायू सतत भरून काढत राहतो. मग सिलिंडरचा काटा उतरतो, केगचा स्थिर दिसतो आणि आपण चुकीच्या बाजूला गळती शोधत बसतो.

४. दाब चढतो का ते पाहा. कॉक बंद, व्हॉल्व्ह उघडा, दाब १० पीएसआयवर. पंधरा मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला तो एखाद्या पीएसआयने चढून थांबला तर ते नेहमीचे आहे. न थांबता १२, १५, २० असा चढतच गेला, तर व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करा आणि हा रेग्युलेटर वापरातून काढा.

५. नळी आणि केग जोडा. आधी केग न जोडता फक्त नळी आणि तिच्या टोकाची जोडणी तपासा, मग केग. केगच्या झाकणाची रबरी कडी, वायूच्या आणि बिअरच्या तोंडांच्या रबरी कड्या, सुरक्षा झडप, यांना साबण लावा. बिअर अजून पुरेशी फसफसलेली नसेल, तर ती वायू शोषून घेते आणि व्हॉल्व्ह बंद असताना काटा उतरतो. ती गळती नव्हे. ही पायरी रिकाम्या केगवर केली तर शंका राहत नाही.

लक्षणांवरून कारण

नुसता फेस येतो. ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आणि बहुतेक वेळा रेग्युलेटर निर्दोष असतो. बिअर कोमट असणे, नळी फार आखूड किंवा फार रुंद असणे, नळीत किंवा नळाच्या तोटीत साका बसलेला असणे, ही नेहमीची कारणे. १२-१३ पीएसआयवर चालणाऱ्या केगला साधारण ५ मिलिमीटर आतील व्यासाची आणि तीनेक मीटर लांबीची नळी लागते, म्हणजे नळापर्यंत येता येता धारेचा जोर ओसरतो. पहिल्या ग्लासात फेस आणि दुसरा ग्लास ठीक, असे होत असेल तर नळी किंवा तोटी फ्रिजबाहेर तापते आहे. प्रत्येक ग्लास फेसाचाच येत असेल आणि चौथ्या पायरीत दाब चढताना दिसला असेल, तरच रेग्युलेटरला दोष द्या.

बिअर येतच नाही किंवा मंद येते. सिलिंडर रिकामा, कॉक बंद, वायूची नळी चुकून बिअरच्या तोंडाला जोडलेली, एकेरी झडप चिकटलेली, ही कारणे आधी तपासा. सिलिंडरचा काटा वर आहे, स्क्रू आत फिरवला तरी केगचा काटा शून्यावरच, असे असेल तर रेग्युलेटरच्या तोंडाची बारीक जाळी तुंबली असेल, किंवा ते गेजच बंद पडले असेल.

वायू पूर्ण सोडला तरी काटा शून्यावर येत नाही. हा गेजचा दोष आहे. सिलिंडर पडला किंवा रेग्युलेटरला दणका बसला की हे होते. तीन-चार पीएसआयचा फरक बिअरसाठी मोठा असतो, म्हणून असे गेज बदला.

रेग्युलेटरवर बर्फ जमतो. वायू प्रसरण पावताना थंड होतो. केगमधली हवा काढताना किंवा मोठ्या टाकीत वेगाने वायू सोडताना रेग्युलेटर गोठू शकतो आणि दाब खाली-वर होतो. वायू हळू सोडा. एकेक ग्लास ओतताना बर्फ जमत असेल, तर मोठी गळती शोधा.

दाब चढत जातो: या दोषाकडे दुर्लक्ष करू नका

बाकीच्या दोषांत वायू, पैसे किंवा बिअर वाया जाते. हा दोष वेगळा आहे. झडपेच्या बैठकीवर धुळीचा कण, धातूचा कीस किंवा वाळलेली बिअर अडकली, किंवा बैठकीला खोच पडली, की सिलिंडरचा वायू थेंबाथेंबाने पलीकडे झिरपत राहतो. बिअर ओतली जात असताना हे कळत नाही. रात्री सगळे बंद असताना दाब चढतो आणि सकाळी बिअर फेसाळते. स्क्रू थोडा सैल केला की दोन दिवस बरे वाटते, कारण चढण पुन्हा खालून सुरू होते. म्हणून हा दोष महिनोन्‌महिने ‘सेटिंग हलते’ या नावाखाली खपून जातो.

६० बार आणि केग यांच्यामध्ये ही एकच झडप असते. ती बसली नाही तर पुढचा आधार म्हणजे रेग्युलेटरवरची आणि केगवरची सुरक्षा झडप. १९ लिटरच्या जुन्या सोडा सरबताच्या केगवर सहसा १३० पीएसआय ही मर्यादा कोरलेली असते आणि झाकणावर सुरक्षा झडप असते. पण त्याच नळीला कोणी काचेची बाटली, प्लास्टिकचा कॅन किंवा मर्यादा न लिहिलेले घरगुती पिंप जोडले, तर मध्ये काहीच उरत नाही आणि भांडे फुटू शकते. जी वस्तू दाबासाठी बनवलेली नाही आणि जिला स्वतःची सुरक्षा झडप नाही, ती या सिलिंडरला कधीही जोडू नका, रेग्युलेटर नवा कोरा असला तरी.

दाब चढून बिअर जास्त फसफसली असेल तर ती फेकू नका. वायूची नळी काढा, केग थंडच ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा सुरक्षा झडप ओढून वायू सोडा. एक-दोन दिवसांत बिअर पूर्ववत होते.

रेग्युलेटरमध्ये बिअर शिरली तर

केगमधला दाब रेग्युलेटरच्या दाबापेक्षा जास्त झाला आणि केग काठोकाठ भरलेला किंवा आडवा असला, की बिअर उलट नळीत चढते. आत वाळलेली बिअर चिकट होते, तिला बुरशी लागते आणि झडप अडकते. वरच्या दोषाचे हे एक मोठे कारण आहे. यावरचा उपाय स्वस्त आहे: वायूच्या नळीत एकेरी झडप बसवा आणि केग जोडण्यापूर्वी रेग्युलेटरचा दाब केगच्या दाबाइतका करून घ्या. पारदर्शक नळी वापरली तर चढलेली बिअर वेळीच दिसते.

कोणता रेग्युलेटर चालत नाही?

घरगुती स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर अजिबात चालत नाही. तो सिलिंडरमधल्या बऱ्याच कमी दाबासाठी बनवलेला असतो आणि बाहेर फक्त ०.०३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतकाच दाब देतो. केगला याच्या जवळपास तीसपट दाब लागतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब तो पेलू शकत नाही.

बोहरी आळीत किंवा भोसरीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात कार्बन डायऑक्साइडचा म्हणून जो रेग्युलेटर सहज मिळतो, तो बहुधा वेल्डिंगचा असतो. त्याचे दुसरे गेज दाब दाखवत नाही, मिनिटाला किती लिटर वायू वाहतो ते दाखवते. त्यावर १२ पीएसआय लावता येत नाही. वायूही खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचाच घ्या. वेल्डिंगच्या वायूत ओलावा आणि तेलाचा अंश असू शकतो.

परदेशातून आणलेल्या रेग्युलेटरचे आटे भारतीय सिलिंडरच्या व्हॉल्व्हशी जुळतीलच असे नाही. जुळत नसतील तर पान्याने जोर लावून बसवू नका, योग्य जोड घ्या. सिलिंडरच्या सांध्याला टेफ्लॉन टेपही लावू नका. तिथे गळती थांबवते ते वॉशर, आटे नव्हेत. टेपचे तुकडे आत जाऊन झडपेत अडकतात. सिलिंडर बदलताना दर वेळी वॉशर तपासावे आणि शंका असेल तर नवे घालावे.

गळती आणि बंद खोली

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही आणि थोड्या प्रमाणात वासही जाणवत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसा इशारा इथे नाही. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो.

एक साधा हिशेब करू. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. २ किलो वायू मोकळा झाला तर तो सुमारे १.२ घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे खोलीतल्या हवेच्या जवळपास ४ टक्के. नेहमीच्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्के असते. दिवसभराच्या कामासाठी सुरक्षित मर्यादा ०.५ टक्के मानतात आणि ४ टक्के ही जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी मानली जाते. १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणजे घरगुती मापाचा एक सिलिंडर आणि खिडक्या बंद केलेली एक खोली एवढे पुरेसे आहे. मायक्रोब्रुअरीतल्या तळघरात किंवा शीतगृहात सिलिंडर कितीतरी मोठे असतात.

म्हणून सिलिंडर झोपण्याच्या खोलीत, बंद माळ्यावर किंवा तळघरात ठेवू नये. काम संपले की व्हॉल्व्ह बंद करावा. जिथे रोज काम चालते तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारा अलार्म जमिनीपासून फारशा उंचीवर नसावा असा बसवावा. डोके दुखणे, धाप लागणे, गरगरणे ही लक्षणे जाणवली तर आधी खोलीबाहेर पडा. दारे-खिडक्या उघडून हवा खेळती झाल्याशिवाय परत जाऊ नका. आत कोणी पडलेले दिसले तरी श्वास रोखून आत धावू नका. असे धावणारी दुसरी व्यक्तीही पडते. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

वॉशर, रबरी कड्या, नळ्या, एकेरी झडप आणि गेज हे भाग घरी किंवा दुकानात बदलता येतात. बदलण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद करून दोन्ही काटे शून्यावर आणा. गेजच्या आट्यांना मात्र टेफ्लॉन टेप लागते.

पडदा फाटला असेल किंवा झडप बसत नसेल, तर कंपनीचा दुरुस्ती संच आणि अनुभवी कारागीर मिळत असेल तरच दुरुस्ती करावी. तसे नसेल तर नवा रेग्युलेटर घेणे शहाणपणाचे. दुरुस्तीनंतर चौथी पायरी पुन्हा करा. सुरक्षा झडप गळते म्हणून ती चिकटपट्टीने, बुचाने किंवा डाग देऊन बंद करणे, हे तर कधीही करू नये. ती गळते, कारण बहुतेकदा मागे दाब चढतो आहे.

सिलिंडरचेही पाहा. भारतात गॅस सिलिंडरवर १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडरची ठरावीक काळाने दाबचाचणी व्हावी लागते आणि तिची तारीख त्याच्यावर कोरलेली असते. मुदत उलटलेला सिलिंडर भरून घेऊ नका.

थोडक्यात

वायू किती आहे ते वजनकाट्याला विचारा, गेजला नव्हे. दाब तापमान पाहून ठरवा आणि पुण्यात त्यात १ पीएसआय मिळवा. दोष शोधताना सिलिंडरकडून केगकडे, एकेक टप्पा बंद करत जा. फेस दिसला की आधी नळी आणि तापमान तपासा. आणि कॉक बंद असताना काटा चढत असेल, तर त्या दिवशी बिअर ओतण्याचा विचार सोडा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.